बाहेर बसलेली

पत्र आलं तेव्हा गाडी घेऊन एकोणीस दिवस झाले होते.
सीटवरचं प्लास्टिक श्रीरंगने अजून काढलं नव्हतं,
आणि चाकाखाली चिरडलेल्या लिंबाची एक बी
ड्राइव्ह-वेच्या फटीत गोठून बसली होती.

"प्रिय मालक," अशी सुरुवात.
मालक! हप्ते बहात्तर. भरलेला एक.

सतरा अक्षरा-आकड्यांचा तो नंबर
काचेखालच्या पट्टीशी मी ताडून पाहिला,
पत्रिका बघतात तसा, एकेका घरावर बोट ठेवत.
सतराच्या सतरा जुळले.
इतकी बिनचूक जुळणी आमच्या लग्नातही झाली नव्हती.

ब्रेकच्या पेटीत कुठेतरी द्रव पाझरतो, म्हणे.
इंजिन बंद असलं, किल्ली खुंटीला असली,
घरातली सगळी झोपलेली असली, तरी
पेट घेऊ शकते.
"शकते" मी तीनदा वाचलं.
दुरुस्तीचा भाग अद्याप उपलब्ध नाही.
तोवर गाडी बाहेर ठेवावी,
भिंतीपासून लांब, दुसऱ्या गाड्यांपासून लांब.
गैरसोयीबद्दल क्षमस्व.

डीलरकडे ड्वेन नावाचा मुलगा, आवाज जेवणानंतरचा.
"चालवायला काहीच हरकत नाही, मॅडम,
उभी करताना तेवढं जपा."
म्हणजे वापरा, पण घरात घेऊ नका.

फोन ठेवला आणि मी एकदम
मिरजेच्या दोन खोल्यांत:
मोरीजवळच्या कोपऱ्यात कमळाआत्या,
वेगळं ताट, वेगळा तांब्या, जुनं घोंगडं.
काय झालंय तिला?
कावळा शिवलाय.
मी तिच्या दंडावर चोचीची खूण शोधायचे.
शेंगा सोलायला मात्र ती चालायची.

कॅलमझूत त्या आठवड्यात
सरोवरावरून बर्फ आला, थांबेचना.
गराज रिकामं, तेलाचा एक डाग नाही.
चार्वीने तिथे खडूने गाडी काढली,
चार चाकं, आत आम्ही तिघं, तिघंही पुढच्या सीटवर.
खरी गाडी मेपलखाली,
डोक्यावरून पांढरं ओढून.
शेजारच्या डोरीन व्हँडरस्लूट कुत्र्याला घेऊन
रस्त्याच्या पलीकडून जाऊ लागल्या.
सांगितलं मीच होतं त्यांना.

रात्री उठून खिडकीशी जायचे.
धूर? नाही, काचेवर माझाच श्वास.
एकदा कोटावर कोट चढवून बाहेर गेले,
बॉनेटवरचा बर्फ सारून तळवा टेकवला
ताप बघतात तसा.
गारढोण.
"अगं, मग कशाला," मी म्हणाले,
कुणाला कोण जाणे.

अकरा आठवड्यांनी भाग आला.
मला वाटलेलं, केवढा तरी असेल.
ड्वेनने तळहातावर धरून दाखवला: एक फ्यूज,
शेंगदाण्याएवढा.
वीस मिनिटांचं काम. पैसे नाहीत.
कागदावर सही केली: दोष दूर केला.
कुणाचा, याला रकाना नव्हता.

येताना धुलाईच्या बोगद्यात घातली तिला.
हिवाळाभराचं मीठ, आणि डोक्यावरून पाणी.
फेसात सगळं जग नाहीसं झालं,
चार्वी आनंदाने किंचाळली,
आणि मला आठवलं, पाचव्या दिवशी
न्हाऊन, केस पंच्यात गुंडाळून
कमळाआत्या माझ्या कानाशी आली होती:
"कुणाला सांगू नकोस.
चार दिवस पाठ टेकते, बाई."

घरी आलो. श्रीरंगने बटण दाबलं, दार वर गेलं.
"थांब," चार्वी ओरडली, "माझी गाडी पुसेल!"

त्या रात्रीही ती मेपलखालीच राहिली.
मी खिडकीशी गेले नाही.